उंगुर्‍यानु: डोंगरापलीकडचं आडनाव इटलीत एवढं कसं?

तोरिनोकर

आमच्या इमारतीच्या बेलच्या पाट्यांवर एकच आडनाव तीनदा आहे: उंगुर्‍यानु. तिसर्‍या मजल्यावर बांधकामावर जाणारे काका, पाचव्यावर एक नर्सबाई, आणि तळमजल्यावर एका इटालियन आजींना सांभाळणार्‍या बाई (इथे त्यांना ‘बदान्ते’ म्हणतात). मला वाटलं भावकी असणार. पण तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. काका रोमानियातल्या बाकाउ जिल्ह्यातले, नर्सबाई सुचावाच्या, आणि तळमजल्यावरच्या बाई मोल्दोवा या वेगळ्याच देशातल्या.

आडनावाचा अर्थ शोधला तर पहिल्याच पानावर ‘हंगेरियन’ असं आलं. काकांना तसं विचारलं तर त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, “उंगुर म्हणजे हंगेरियन. उंगुर्‍यान म्हणजे आमच्यातलाच, पण डोंगराच्या पलीकडून आलेला.” पुढचं त्यांचं इटालियन आणि माझं इटालियन यांची गाठ पडेना, म्हणून विषय तिथेच थांबला.

इथल्या जाणकारांपैकी कोणी यावर प्रकाश टाकेल का? हे लोक मूळचे कुठले, आणि आता कुठे कुठे पसरलेत?

---

चिवडा_पातळ

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

अर्धवट_इतिहासकार

काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

कार्पेथियन डोंगररांग रोमानियाच्या मधोमध कमानीसारखी वळते. कमानीच्या आत ट्रान्सिल्वेनिया, बाहेर दक्षिणेला वालाकिया आणि पूर्वेला मोल्दोवा (हा जुना प्रांत, त्याच नावाचा देश हा त्याचाच एक तुकडा, त्याबद्दल खाली). बाहेरची दोन्ही संस्थानं तुर्की सुलतानाची मांडलिक होती. आतला ट्रान्सिल्वेनिया आधी हंगेरीच्या राजाकडे, १५४१ नंतर स्वतःचा राजकुमार असलेलं पण तुर्कांना खंडणी देणारं संस्थान, १७व्या शतकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याकडे आणि १८६७ ते १९१८ पुन्हा थेट हंगेरीत. तिथल्या खेड्यापाड्यांत मोठ्या संख्येने रोमानियनच राहत होते. पण डोंगराबाहेरचे लोक त्या मुलुखाला सरळ ‘उंगुरांचा देश’ म्हणायचे. तिथून आलेला रोमानियन माणूस म्हणून ‘उंगुर्‍यान’. भाषा तीच, चर्चही बहुतेक वेळा तेच, फक्त खिंड ओलांडून आलेला.

यायची कारणं भरपूर. जमीनदाराकडची वेठबिगार होती. १६९८ ते १७०० दरम्यान तिथल्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या एका गटाने रोमच्या कॅथलिक चर्चशी ऐक्य पत्करलं आणि गावागावांत तंटे सुरू झाले. १७६१ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या जनरल बुकोव्हने ऑर्थोडॉक्स मठ तोफा लावून पाडले, जाळले. त्यानंतर सरहद्दीवर लष्करी पलटणी उभ्या राहिल्या, त्यात सक्तीची भरती. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं सर्वांत मोठं कारण म्हणजे मेंढ्या.

---

भटका_मेंढा

माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे.

ट्रान्सिल्वेनियातल्या सिबिउ शहराच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला डोंगराच्या कडेने मेंढपाळांच्या गावांचा एक पट्टा आहे, त्याला मर्जिनीमेआ सिबिउलुइ म्हणतात. सालिश्ते, रशिनार, पोयाना सिबिउलुइ, जिना ही त्यातली गावं. (तत्त्वज्ञ एमिल चोरान याच रशिनारचा.) उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणात, हिवाळ्यात खाली डॅन्यूबच्या काठाशी, दोब्रोजात, काही जण तर क्रिमिया आणि कॉकेशसपर्यंत जायचे. एवढं लांब जाणारा माणूस दर वर्षी परत येतोच असं नाही. कुणी खाली लग्न केलं, कुणाला कुरण मिळालं, कुणाला परत जाऊन कर भरायची इच्छा उरली नाही.

वालाकियाच्या डोंगरपायथ्याशी या लोकांनी अख्खी गावं वसवली. व्हिल्चा जिल्ह्यातलं वाइदेएनी हे त्यातलं प्रसिद्ध. त्या नावाची गावात सांगितली जाणारी व्युत्पत्ती ‘वाइ दे एइ’, म्हणजे ‘अरेरे बिचारे!’ अशी आहे. गोर्ज जिल्ह्यात नोवाच नावाचं ठिकाण आहे, तिथे दोन वस्त्या शेजारी शेजारी: एक नोवाच-रोमिन, दुसरी नोवाच-स्त्रइनि, म्हणजे ‘परके’. दुसर्‍या वस्तीला उंगुरेनी असंही म्हणत. दोन्हीकडे रोमानियनच! वेष थोडा वेगळा, बोलण्याची ढब वेगळी, मेंढ्यांची जात वेगळी, एवढ्यावर पिढ्यानपिढ्या ‘आम्ही’ आणि ‘ते’.

मिओरित्सा नावाची त्यांची लोकगाथा आहे, १८५०मध्ये वासिले अलेक्सांद्रीने छापली. रोमानियात शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यात डोंगरावरून खाली येणारे तीन मेंढपाळ आहेत: एक मोल्दोव्हान, एक उंगुर्‍यान, एक व्रिंच्यान (व्रांचा या डोंगराळ भागातला). दुसरा आणि तिसरा मिळून पहिल्याला मारायचा कट करतात, कारण त्याच्याकडे मेंढ्या जास्त. आता रोमानियाचं टेलिफोन पुस्तक उघडा: मोल्दोव्हान, उंगुर्‍यानु, व्रिंच्यानु ही तिन्ही आडनावं त्यात सापडतील.

---

आडनावात_काय

म्हणजे आपल्या ‘कर’सारखंच झालं. गावात राहणार्‍याला गावावरून कोण ओळखणार? साताऱ्यात सगळेच सातार्‍याचे. तो पुण्याला गेला की सातारकर.

---

अर्धवट_इतिहासकार

@आडनावात_काय, नेमकं तेच. आणि धाग्याच्या दुसर्‍या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. हे आडनाव माणसाने स्वतः घेतलं नाही, ज्या गावात तो आला त्या गावाने दिलं. त्यामुळे ट्रान्सिल्वेनियात, जिथून हे लोक निघाले, तिथे ते विरळ. डोंगराच्या बाहेर, विशेषतः पूर्वेला मोल्दोवा प्रांतात, यास, बोतोशानी, सुचावा, बाकाउ या पट्ट्यात दाट. २०१२मध्ये थोडे महिने पंतप्रधान असलेले मिहाइ रझ्वान उंगुर्‍यानु हे यासचेच. याच्या उलट ‘मोल्दोव्हान’ हे आडनाव ट्रान्सिल्वेनियात सगळीकडे भेटतं, क्लुज आणि मुरेशकडे तर पावलोपावली, कारण तिथे मोल्दोवाहून आलेल्याला तसं म्हणत. तिकडच्या हंगेरियन कुटुंबांतही मोल्दोव्हान असतात.

एक बारकावा. ट्रान्सिल्वेनियातल्या आडनावांना शेवटचा ‘उ’ बहुधा नसतो: मोल्दोव्हान, मुंत्यान (म्हणजे वालाकियाकडचा). बाहेरच्यांना असतो: मोल्दोव्यानु, मुंत्यानु, उंगुर्‍यानु. हंगेरियन आणि ऑस्ट्रियन कारकुनांच्या दप्तरात एक रूप पक्कं झालं, बुखारेस्टच्या दप्तरात दुसरं. रोमानियाच्या राज्यात १८९५मध्ये नावांचा कायदा झाला, त्यानंतर आडनाव कायमचं आणि वंशपरंपरेचं करणं सक्तीचं झालं. त्याआधी बापाचं नाव, धंदा, टोपणनाव, मुलूख, जे सोयीचं ते चालायचं.

म्हणूनच कृपा करून ‘उंगुर्‍यानु घराणं’ असा शब्द कोणी वापरू नका. हे एक घराणं नव्हे. शेकडो गावांत शेकडो वेळा स्वतंत्रपणे पडलेलं नाव आहे. ‘उंगुरेनी’ नावाची गावंही बरीच आहेत, त्यातल्या कुठल्याही गावावरून पडलेलं असू शकतं. तोरिनोकरांच्या इमारतीतले तिघे एकमेकांचे कोणी नाहीत यात नवल काहीच नाही.

---

चिवडा_पातळ

दंडवत. वाचनखूण साठवली.

पण एक शंका. जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीच्या संघातली तेओदोरा उंगुर्‍यानु, १९७६चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक, अनइव्हन बार्सवर रौप्य आणि बीमवर कांस्य. ती रेशित्सात जन्मलेली. रेशित्सा तर बनातमध्ये, म्हणजे १९१८पर्यंत हंगेरीच्याच हद्दीत. मग तुमचा डोंगराबाहेरचा नियम कुठे गेला?

---

अर्धवट_इतिहासकार

नियम नाही, कल आहे. रेशित्सात १७७१पासून लोखंडाचे कारखाने आहेत. असल्या गावात सगळ्या मुलुखांतून कामगार येतात, आडनावं बरोबर घेऊन. तिचं घराणं कुठून आलं ते तिलाच ठाऊक.

जाता जाता, ‘तेओदोरा’ असूनही आडनाव ‘उंगुर्‍यानु’च, हे लक्षात आलं का? रशियनसारखं बाईचं आडनाव वेगळं होत नाही.

---

रेषेबाहेर

अवांतर: ‘उंगुर्‍यानु’ लिहिताना तोरिनोकरांनी तो अर्धा र (र्‍या) वापरलाय ते झकास. रोमानियन उच्चार जवळजवळ तसाच आहे. इंग्रजीवाले बिचारे ‘उंगुरीआनू’ म्हणत बसतात.

---

शेवंता_लंडन

मी इथे एका खाजगी दवाखान्यात नोंदणीचं काम करते (नाव सांगत नाही). हे आडनाव आठवड्याला भेटतंच. आणि भेटतं ते तर्‍हेतर्‍हेच्या स्पेलिंगांत! एकदा एकाच माणसाच्या दोन फाइली झाल्या होत्या, एकीत शेवटी ‘यू’, दुसरीत नाही, आणि मधल्या ‘ई-ए’च्या जागी ‘आय-ए’. मी त्यांना म्हटलं की जुनं स्पेलिंग चुकलं असेल. तर ते म्हणाले, नाही, जुना पासपोर्ट मोल्दोवाचा, नवा रोमानियाचा. मला तेव्हा काही कळलं नाही.

कोणी समजावेल का? मोल्दोवाचा माणूस रोमानियाचा पासपोर्ट कसा काय घेतो?

---

जुना_पोस्टमन

शेवंताताई, सांगतो. माझा पोस्टाच्या तिकिटांचा छंद असल्याने या भागाच्या सरहद्दी पाठ आहेत.

जुन्या मोल्दोवा संस्थानाचा पूर्वेकडचा भाग, प्रुत नदीच्या पलीकडचा, १८१२मध्ये रशियाने घेतला. त्याला बेसाराबिया म्हणतात. उत्तरेचा कोपरा, बुकोविना, त्याआधीच १७७५मध्ये ऑस्ट्रियाने घेतला होता. पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही रोमानियात आले, १९४०मध्ये सोव्हिएत संघाने बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना घेतलं, मध्ये तीन वर्षं परत रोमानिया, १९४४ला पुन्हा सोव्हिएत. २७ ऑगस्ट १९९१ला मोल्दोवा स्वतंत्र देश झाला.

आता आडनावाचं काय झालं ते बघा. उंगुर्‍यानु बेसाराबियातही होतेच. रशियन कारभारात ते सिरिलिक लिपीत गेले. सोव्हिएत मोल्दोवात तर रोमानियन भाषाच सिरिलिकमध्ये लिहायची सक्ती होती, ती ३१ ऑगस्ट १९८९च्या कायद्याने उठली. लिपी परत लॅटिन झाल्यावर तीच अक्षरं लॅटिनमध्ये आणताना कुणाचं शुद्ध रोमानियन रूप झालं, कुणाचं रशियनवरून उतरवलेलं. युक्रेनच्या हद्दीत राहिलेल्यांचा शेवटचा ‘उ’ पुष्कळदा गेलाच: उंगुर्‍यान. एकाच आजोबांच्या नातवंडांची तीन देशांत तीन स्पेलिंगं.

पासपोर्टचं: पूर्वी रोमानियाचे नागरिक असलेल्यांच्या वंशजांना रोमानिया नागरिकत्व परत देतो. पणजोबांचा कागद काढायचा, अर्ज करायचा. कागदावर रोमानियन झालं की युरोपीय संघात कुठेही काम. त्यामुळे इंग्लंडच्या किंवा इटलीच्या आकड्यात ‘रोमानियन’ म्हणून मोजलेले काही उंगुर्‍यानु प्रत्यक्षात मोल्दोवा देशातल्या किशिनावचे किंवा सोरोकाचे असतात.

आणि जाता जाता एक कटू गोष्ट. जुलै १९४९मध्ये सोव्हिएत मोल्दोवातून ३५ हजारांहून अधिक माणसं एका झटक्यात सैबेरिया आणि कझाकस्तानकडे मालगाडीतून पाठवली गेली. १९४१च्या जूनमध्येही अशीच एक खेप गेली होती. बरेच जण स्टॅलिननंतर परतले, सगळे नाही. रोमानियन वळणाची आडनावं तिकडच्या गावांत आजही सापडतात, ती तिथे आपखुशीने गेलेली नाहीत.

---

शेवंता_लंडन

आता उलगडलं! इथे २०२१च्या जनगणनेत रोमानियात जन्मलेले लोक इंग्लंड-वेल्समध्ये ५ लाख ३९ हजार होते. १ जानेवारी २०१४ला कामाची बंधनं उठली, त्यानंतरच बहुतेक आले.

---

सायकलवाली_मावशी

स्पेनचं मी सांगते. आम्ही माद्रिदजवळ राहतो. कोस्लादा, अल्काला दे एनारेस या बाजूला रोमानियन दुकानं, रोमानियन चर्च, सगळं आहे. भूमध्य किनार्‍यावर कास्तेयोन हे दुसरं ठाणं. पण गंमत अशी की कास्तेयोनचे लोक मुख्यतः तिर्गोविश्तेकडून, म्हणजे दक्षिणेच्या वालाकियातून आलेले. एक गेला, त्याने मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्याने शेजार्‍याला. त्यामुळे कुठल्या शहरात कुठलं आडनाव जास्त हे पहिला माणूस कुठून आला यावर ठरतं.

इथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की प्रांतवार आकडे येतात. पहिलं आडनाव म्हणून किती, दुसरं म्हणून किती, दोन्ही असलेले किती. फारच थोडे असतील तर दाखवत नाहीत. कारण स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, बापाचं आणि आईचं. रोमानियनांना एकच असतं. नागरिकत्व घेताना इथली नोंदणी आईचं माहेरचं आडनाव मागते. आमच्या शेजारच्या बाईंचं सासरचं आडनाव पोपा. लग्नात उंगुर्‍यानु टाकून दिलं होतं. मुलगा स्पॅनिश झाला आणि त्याच्या कागदावर पोपा उंगुर्‍यानु! बाई हसत होत्या, माझ्या वडिलांचं आडनाव स्पेनच्या सरकारने परत आणलं म्हणून.

---

तोरिनोकर

कमाल माहिती येते आहे. मी आज काकांना ती मेंढपाळांची गाथा विचारली. त्यांनी जिन्यातच म्हणून दाखवली. मग मला म्हणाले, “त्यातला उंगुर्‍यान खुनी आहे, शाळेत पोरं मला चिडवायची.”

इटलीचं मी भर घालतो. इथे परदेशी नागरिकांत सर्वांत मोठा गट रोमानियनांचाच, दहा लाखांच्या वर. तोरिनोतही तेच पहिले. २००२च्या जानेवारीपासून शेंगेनला व्हिसा लागेनासा झाला आणि २००७ला रोमानिया युरोपीय संघात आला, या दोन पायर्‍यांवर गर्दी वाढली. या बाजूला रोमानियाच्या मोल्दोवा प्रांतातले लोक पुष्कळ. पुरुष बांधकामावर, बायका घरकामात आणि वृद्धांच्या सेवेत. म्हणजे अर्धवट_इतिहासकारांनी वर ज्या पट्ट्यात हे आडनाव दाट म्हटलं, नेमक्या त्याच पट्ट्यातून इथे भरती झाली. आमच्या पाट्यांचं कोडं मला सुटलं.

---

चिवडा_पातळ

मग अमेरिकेत? तिथे तर रोमानियन फार जुने.

---

अर्धवट_इतिहासकार

जुने आहेत, पण उंगुर्‍यानु नाहीत, किंवा फार थोडे. १९१४च्या आधी ओहायोत क्लीव्हलँड, यंग्सटाउन अशा पोलादी गावांत गेलेले रोमानियन मुख्यतः ट्रान्सिल्वेनिया, बनात आणि बुकोविना इथले, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीतले. क्लीव्हलँडचं रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्च १९०४चं. ‘हजार आणि वाटखर्च’ ही त्यांची म्हण: हजार डॉलर साठले आणि परतीचं भाडं सुटलं की गावाकडे जाऊन जमीन घ्यायची. पुष्कळ जण गेले नाहीत ते सोडा. पण ज्यांना उंगुर्‍यान म्हणायला डोंगराबाहेरचा शेजारी लागतो, ते थेट जहाजात बसले तर त्यांना तसं म्हणणार कोण? म्हणून तिकडच्या जुन्या वसाहतीत मुंत्यान, मोल्दोव्हान जास्त. उंगुर्‍यानु हे बहुतांशी १९८९नंतरचे.

कॅनडाची गोष्ट थोडी निराळी. तिथल्या प्रेअरीवर (गवताळ मैदानांवर) बुकोविनाचे लोक गेले. अल्बर्टातलं बोयान हे गाव बुकोविनातल्या बोयानवरूनच. रेजायनाचं रोमानियन चर्च १९०२चं. बुकोविनात ट्रान्सिल्वेनियातून आलेल्यांची वस्ती भरपूर, त्यामुळे तिकडे हे आडनाव जुनं असायला पूर्ण वाव आहे, फक्त कारकुनाने ऐकू येईल तसं लिहिलेलं. तिकडे शोधायचं तर शेवटच्या ‘उ’शिवाय शोधा.

---

जुना_पोस्टमन

एक सावधगिरीची सूचना. जगाचा नकाशा रंगवून ‘तुमचं आडनाव अमुक देशात इतके’ असं सांगणारी संकेतस्थळं आहेत, त्यांच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवू नका. काहींचा पाया टेलिफोन यादी असतो आणि पुढचं गणित अंदाजाने. आज एका घरात चार जण राहतात आणि लँडलाइन कुणाच्याच नावावर नाही. शिवाय ती स्थळं उंगारो, उंगर, उंगवारी यांना या आडनावाचे भाऊबंद ठरवतात. उंगारो हा इटालियन शब्द आहे, फॅशनवाल्या एमान्युएल उंगारोचे आईवडील इटालियन होते. उंगवारी हे हंगेरियन, उंगवार म्हणजे आताच्या युक्रेनमधल्या उझहोरोदवरून. यातला कोणीही डोंगर ओलांडून आलेला रोमानियन मेंढपाळ नाही.

---

रेषेबाहेर

अवांतर २: परदेशात रोमानियन नावांची चिन्हं गळतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ज्या शिल्पकाराला आपण ‘ब्रांकुसी’ म्हणतो तो. त्याच्या गावी, गोर्जमधल्या होबित्सात, ते ‘ब्रिंकुश’ आहे. १९०४ला पॅरिस गाठलं आणि ‘ए’वरची टोपी आणि ‘एस’खालचं शेपूट दोन्ही गेलं. आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) त्याची ‘बर्ड इन स्पेस’ची तीन शिल्पं घेतली होती आणि ध्यानमंदिर बांधायला त्याला बोलावलं होतं. १९३७च्या अखेरीस तो इंदूरला आलाही. मंदिर काही झालं नाही.

---

भटका_मेंढा

गोर्ज! म्हणजे वर सांगितलेल्या नोवाचचाच जिल्हा. विषय भरकटून धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत परत मेंढ्यांवर या.

---

रेषेबाहेर

धाग्याचं इंदूर झालंय ऑलरेडी.

---

शेवंता_लंडन

आज परत एक उंगुर्‍यानु आले होते. मी दोन्ही स्पेलिंगं शोधली, एकच फाइल निघाली. विचारलं, सुचावा की बाकाउ? ते चमकले. म्हणाले, “बोतोशानी. पण तुम्हाला कसं माहीत?” मागे रांग होती, सांगायला वेळ मिळाला नाही.

---

तोरिनोकर

@शेवंता_लंडन, बोतोशानीत उंगुरेनी नावाचं गावच आहे. पुढच्या वेळी तेही विचारा.